काटा कुठून फुटला ते आधी पाहा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात माळरानावरच्या काटेरी झाडांबद्दलची पत्रे सर्वांत जास्त आहेत. एकमेकांत मिसळणारे प्रश्न एकत्र केले आहेत आणि उत्तरे दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातल्या झाडांपुरती ठेवली आहेत.

प्रश्न : आमच्या बांधावर, गायरानात आणि ओढ्याकाठी मिळून चार तऱ्हेची काटेरी झाडे आहेत. एकीची साल काळी, एकीची पांढरट, एकीचे काटे आकड्यासारखे वाकडे, आणि एक झुडपासारखी सगळीकडे पसरते. गावात मात्र सगळ्यांना बाभळीच म्हणतात. या वेगळ्या जाती आहेत का? ओळखायच्या कशा? – एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : चारही जाती वेगळ्या. अनुक्रमे बाभूळ, हिवर, खैर आणि वेडी बाभूळ. पण सालीच्या रंगावर विसंबून थांबू नका. वय, ओल आणि सावली यांनी सालीचा रंग बराच बदलतो.

काट्याची लांबी हीसुद्धा कच्ची खूण आहे. बाभळीच्या पोरसवदा झाडावर पाच सेंटिमीटरचे काटे असतात आणि त्याच जातीच्या जुन्या झाडाच्या शेंड्याकडे काटे जेमतेम दिसतात, काही फांद्यांवर नसतातही. काटा फांदीवर कोणत्या जागी उगवतो, ती जागा मात्र बदलत नाही. म्हणून बोटभर जाडीची, पाने असलेली एक फांदी घ्या आणि पान जिथे चिकटते ते पेर नीट पाहा.

बाभळीत पानाच्या देठाच्या बुडाशी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सरळ, पांढरट काटे असतात. पानाच्या बुडाशी जी दोन छोटी उपपर्णे यायची, त्यांचेच हे काटे झालेले असतात. त्यामुळे ते नेहमी जोडीने आणि नेमक्या पेरावर दिसतात. हिवराचे काटेही याच तऱ्हेचे, म्हणून नुसत्या काट्यावरून बाभूळ आणि हिवर यांत निवाडा होत नाही.

खैराचा काटा वेगळ्या कुळीचा. तोही जोडीने असतो, पण पेराच्या किंचित खाली आणि सालीतून निघालेला. लांबी अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरची, टोक खाली-मागे वळलेले, रंग तपकिरी आणि चकचकीत. पावसाळ्यातल्या अगदी कोवळ्या फुटीवर खैराची खरी उपपर्णेही दिसतात, बारीक आणि लवकर गळणारी. एकाच पेरावर उपपर्णेही आहेत आणि काटेही आहेत, म्हणजे काटे उपपर्णांचे नाहीत. भिंग असेल तर ही खूण पाहण्यासारखी आहे. बाही खैरात अडकली तर हात मागे ओढू नका. आकड्याच्या दिशेने थोडे पुढे सरका, बाही आपोआप सुटते. ओढल्यास कापड फाटते आणि काटा कातडीत मोडतो.

वेडी बाभूळ फसवते ती इथेच. तिचेही काटे सरळ, दणकट, पेरावर आणि बहुधा जोडीने, कधी एकेकटे. ते उपपर्णांचे नसून पानाच्या बगलेतून आलेले असतात, पण हा फरक उभ्या उभ्या दिसणे कठीण. इथे पानाकडे वळा.

या चारही झाडांची पाने दुहेरी पिसासारखी असतात. मधल्या कण्याला दोन्ही बाजूंनी छोटी पिसे, आणि प्रत्येक पिसाला बारीक पर्णिकांच्या रांगा. मोजायच्या त्या पिसांच्या जोड्या. वेडी बाभळीत बहुधा दोन जोड्या, कधी एक, कधी तीन. बाभळीत तीन ते सहा, क्वचित जास्त. हिवरात साधारण सहा ते बारा. खैरात दहापासून तीसपर्यंत, आणि पर्णिका इतक्या बारीक की पान हातात घेतल्यावर मऊ झालरीसारखे वाटते. उलट वेडी बाभळीची पर्णिका सेंटिमीटरभर लांब आणि एकमेकींपासून सुटी असते. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांतला घोळ या एका मोजणीने बहुतेक वेळा मिटतो.

मोजताना पूर्ण वाढलेले पान घ्या. नव्या फुटीचे पहिले पान आणि तोडलेल्या बुंध्यावरच्या धुमाऱ्याचे पान दोन्ही चुकीचे आकडे देतात. तीन वेगवेगळ्या फांद्यांवरची मिळून दहा पाने मोजा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा, दोन्ही लिहा.

फुले आणि शेंगा हाती आल्या तर शंका उरतच नाही. बाभळीचे फूल म्हणजे सोनपिवळा गोल गोंडा, साधारण सव्वा सेंटिमीटरचा, पानांच्या बगलेत. शेंग राखाडी लवेची, दोन बियांच्या मध्ये आवळलेली, त्यामुळे मण्यांच्या माळेसारखी. हिवराचे गोंडे फार लहान आणि फिक्या पिवळ्या रंगाचे, पण फांदीच्या टोकाशी मोठ्या फांद्याळ फुलोऱ्यात शेकड्यांनी येतात. श्रावण-भाद्रपदापासून पुढे सगळा माथा लांबून सायीसारखा दिसला तर तो हिवर. त्याची शेंग चपटी, अरुंद, किंचित वाकडी, दहा ते वीस सेंटिमीटरची, बियांमध्ये न आवळलेली. खैराला गोंडे येतच नाहीत. त्याचा फुलोरा कणसासारखा लांबट, पाच ते दहा सेंटिमीटरचा. शेंग पातळ, तपकिरी, चकचकीत, टोकाला चोच असलेली आणि वाळल्यावर उकलणारी. वेडी बाभळीचा फुलोराही कणसासारखाच असतो, पण शेंग जाडसर, पिवळी, गोड गराची आणि झाडावर न उकलणारी.

उभे झाड लांबून पाहतानाही अंदाज येतो. हिवराचा माथा छत्रीसारखा सपाट पसरतो आणि वरच्या फांद्यांची साल पांढरट-पिवळसर, गुळगुळीत असते. बुंध्याशी मात्र ती काळपट आणि खरबरीत झालेली असू शकते, म्हणून हिवराची साल नेहमी वर पाहावी. बाभळीच्या काळ्या सालीला उभ्या खोल भेगा असतात. खैराची साल अरुंद, लांब पट्ट्यांनी सुटते आणि पट्टीखालचा भाग तांबूस असतो.

आणखी एक. वेडी बाभूळ समजून हिवर तोडला जाण्याचे प्रकार बांध साफ करताना सर्रास घडतात, कारण दोघांचीही लहान झाडे काटेरी आणि अस्ताव्यस्त असतात. कुऱ्हाड लावण्याआधी दोन पाने मोजावीत. खैराबाबत तर कायद्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत खैर आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही.

प्रश्न : ओळखले आणि ती वेडी बाभूळच निघाली. तोडली की दुप्पट फुटते. का? – तेच वाचक

उत्तर : कारण जमिनीवरून तोडल्यावर खोड आणि मूळ यांच्या सांध्यातले निद्रिस्त डोळे जागे होतात. एका खोडाच्या जागी आठ-दहा धुमारे येतात. तो सांधा जमिनीखाली असतो, म्हणून भोवती उकरून वीस-तीस सेंटिमीटर खोलीवर मुख्य मूळच तोडावे लागते. झाड शेंगांवर येण्याआधी काढा. शेंगा गोड असल्याने गुरे-शेळ्या खातात, बी न पचता शेणा-लेंडीतून बाहेर पडते आणि खतासह शेतात पोचते. पाला मात्र जनावरे टाळतात, म्हणून चराईने हे झाड कमी होत नाही. भोवतीचे सगळे खाल्ले जाते आणि हेच उरते.

प्रश्न : माळावरच्या एका झाडाच्या काट्यावरच पान उगवले आहे. काटा हिरवा, जाड, चार-पाच सेंटिमीटरचा. हा एखादा रोग आहे का? – एक शिक्षिका, धुळे जिल्हा

उत्तर : रोग नाही. तुमच्यासमोर हिंगण उभा आहे, काही भागांत त्याला हिंगणबेट म्हणतात.

हिंगणाचा काटा म्हणजे टोकदार झालेली फांदीच. तो पानाच्या बगलेतून निघतो, जिथून एरवी फांदी निघाली असती. फांदीच असल्याने त्याच्यावर पान येऊ शकते, कधी कळीही येते. कोवळेपणी तो फांदीइतकाच हिरवा असतो. बाभळीच्या काट्यावर कधीच पान येणार नाही, कारण तो मुळात उपपर्ण आहे. खैराच्या काट्यावरही नाही, कारण तो सालीचा उंचवटा आहे.

शाळेत मुलांना हा फरक दाखवायचा असेल तर हिंगण, बाभूळ आणि खैर यांची एकेक फांदी पुरते. खैराचा काटा अंगठ्याने बाजूला रेटला की सालीच्या तुकड्यासह सुटतो आणि खाली लाकूड उघडे पडत नाही. गुलाबाच्या काट्याचे असेच होते, मुलांना ते माहीत असते. हिंगणाचा काटा रेटून निघत नाही. फांदी उभी चिरली की काट्यातले लाकूड आणि फांदीतले लाकूड सलग दिसते. चिरायचे काम मोठ्यांनी करावे, फांदी टणक असते.

हिंगणाची खात्री करायला पान पाहा. एका देठावर दोनच पर्णिका, जाडसर, राखी-हिरव्या. फळ सुपारीपेक्षा मोठे, लंबगोल, तीन ते पाच सेंटिमीटरचे, वर पाच अस्पष्ट खोबणी, आत अतिशय कठीण आठळी. गर पाण्यात चोळला की फेस येतो, कारण त्यात सॅपोनिन असते. त्यामुळेच तो पूर्वी रेशमी कापड धुवायला वापरत. हाच गर माशांना मारक असतो, तेव्हा प्रयोगानंतरचे पाणी तळ्यात ओतू नये.

नावाची एक गंमत सांगून ठेवतो. काही वनस्पतिशास्त्रज्ञ भारतातल्या झाडाला बॅलॅनाइटिस रॉक्सबर्गाय ही स्वतंत्र जात मानतात, काही आफ्रिकेपासून इथवर पसरलेल्या बॅलॅनाइटिस इजिप्टिआका या जातीतच त्याची गणना करतात. पुस्तकात दोन नावे दिसली तर गोंधळू नका, झाड एकच.

बगलेत काटा असलेली आणखी दोन ओळखीची झाडे म्हणजे बेल आणि कवठ. बेलाला तीन पर्णिका. कवठाला पाच-सात, आणि मधल्या कण्याला पंखासारख्या कडा. दोघांचेही पान उजेडासमोर धरले की तेलाचे बारीक ठिपके दिसतात आणि चुरडले की वास येतो. हिंगणाच्या पानात यातले काहीच नाही.

प्रश्न : शमी म्हणून रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला यंदा फुले आली. फुलोरा लोंबता, वरचा भाग गुलाबी आणि खालचा पिवळा. शमीला अशी फुले येतात? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तुम्हाला मिळाली ती सिगमकाठी, शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. दोन रंगांचा लोंबता फुलोरा हीच तिची निर्विवाद खूण. गुलाबी फुले वांझ असतात, शेंगा खालच्या पिवळ्या फुलांना धरतात आणि त्याही पिळवटलेल्या गुंत्याच्या. दोन्ही झाडांची पाने बारीक आणि दोन्ही काटेरी, म्हणून अदलाबदल होते.

फुलांची वाट न पाहता रोपावरच ओळखता येते. खऱ्या शमीचे, म्हणजे सौंदडाचे काटे पेरावर नसतात. ते दोन पेरांमधल्या कांड्यावर, इकडेतिकडे विखुरलेले असतात, तीन ते सहा मिलिमीटरचे, सरळ, बुडाशी रुंद. पिसांच्या जोड्या बहुधा दोन, फार तर तीन. सिगमकाठीत आखूड फांदीचेच टोक काटा बनते आणि पिसांच्या जोड्या आठ-दहा किंवा जास्त. म्हणजे काटा कांड्यावर की फांदीच्या टोकाला, एवढे पाहिले तरी पुरे. शमीचा फुलोरा फिका पिवळा, कणसासारखा, आणि शेंग बारीक, गोलसर, लोंबती.

प्रश्न : देवबाभूळ आणि बाभूळ यांत फरक काय? दोघींना पिवळे गोंडेच येतात.

उत्तर : गोंड्याचा दांडा पाहा. बाभळीत दांड्याच्या साधारण मध्यावर बारीक छदांचे, म्हणजे फुलोऱ्याजवळच्या खवल्यासारख्या पानांचे, कडे असते. देवबाभळीत ते अगदी वर, गोंड्याला टेकलेले. शेंगही वेगळी. देवबाभळीची जाड, गोल, नळीसारखी आणि तपकिरी, आत बिया दोन रांगांत. देवबाभूळ मूळची उष्ण अमेरिकेतली, बहुधा झुडूपच राहते, फांद्या नागमोडी आणि फुलांचा वास तीव्र.

सरळ उंच, झाडूसारख्या अरुंद माथ्याची बाभूळ दिसली तर ती वेगळी जात नाही. ती रामकाठी, बाभळीचीच एक उपजात. फूल-शेंग बाभळीसारखीच.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात बाभळीचे नाव अकेशिया निलोटिका आहे, नव्या याद्यांत व्हॅचेलिया निलोटिका. बरोबर कोणते? – वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : आज व्हॅचेलिया लिहा आणि कंसात जुने नाव द्या. पूर्वीचा अकेशिया हा प्रचंड मोठा गट एकाच वंशाचा नाही हे सिद्ध झाल्यावर तो फोडणे भाग पडले. प्रश्न आला, अकेशिया हे नाव कोणत्या तुकड्याला ठेवायचे? नियमानुसार ते बाभळीच्या गटाकडे जायला हवे होते, कारण त्या नावाची आदर्श जात, म्हणजे ज्या जातीला गटाचे नाव कायमचे बांधलेले असते ती, बाभूळच होती. पण ऑस्ट्रेलियातल्या जातींची संख्या फार मोठी. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नावाचा आधार ऑस्ट्रेलियन जातीवर हलवला गेला, आणि बराच वाद होऊनही २०११ साली मेलबर्नमध्ये तोच निर्णय कायम राहिला. अकेशिया हे नाव ग्रीक भाषेतल्या टोक या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे मानतात. म्हणजे काटेरी बाभळीने काट्याचे नाव गमावले आणि बिनकाट्याच्या ऑस्ट्रेलियन बाभळीकडे ते राहिले. शास्त्राच्या दृष्टीने व्यवहार्य निर्णय, पण चुटपुट लावणारा.

तुम्हाला याचा उपयोग असा. आपल्याकडच्या झाडांत उपपर्णांचे सरळ काटे आणि गोंडे असलेली ती व्हॅचेलिया : बाभूळ, हिवर, देवबाभूळ. सालीचे आकडे असलेली ती सेनेगालिया : खैर, पांढरा खैर, शिकेकाई. सेनेगालियात फुलोरा बहुधा कणसासारखा, पण शिकेकाईला गोंडे येतात. म्हणून फुलोऱ्यापेक्षा काट्यावर भर द्या. राजस्थानातला कुमट हाही सेनेगालियाच. त्याच्या पेरावर तीन काटे असतात, दोन बाजूंना आणि मधला खाली वळलेला.

दख्खनमधला खैर बहुतेक ठिकाणी सेनेगालिया चुंद्रा असतो, सेनेगालिया कॅटेचू नव्हे. कॅटेचूच्या पानाच्या कण्यावर आणि फुलोऱ्याच्या दांड्यावर लव असते, चुंद्रा जवळजवळ गुळगुळीत आणि फांद्या तांबूस. काही जण दोन्ही एकच धरतात. म्हणून वर्णनात लव आहे की नाही हे न विसरता नोंदवा, पुढे नाव कसेही बदलो.

वेडी बाभळीचेही असेच झाले. २०२२मध्ये प्रोसोपिस हा गट फोडला गेला आणि ती नेल्टुमा जुलिफ्लोरा झाली. शमी मात्र प्रोसोपिस सिनेरारियाच राहिली.

प्रश्न : प्रकल्पासाठी काटेरी झाडांचे शास्त्रीय वर्णन लिहायचे आहे आणि नमुने वाळवायचे आहेत. मागच्या वेळी सगळ्या पर्णिका गळून गेल्या आणि कागद फाटले. – तीच विद्यार्थिनी

उत्तर : आधी नमुना. तीस ते चाळीस सेंटिमीटरची फांदी हवी आणि तिच्यावर पाने, काटे व शक्यतो फूल किंवा शेंग. या झाडांची पाने तोडल्यावर काही मिनिटांत मिटतात, आणि मिटलेले पान नंतर उलगडत नाही. म्हणून पिशवीत भरून घरी नेणे हीच पहिली चूक. दाबणी, म्हणजे कागदात ठेवलेला नमुना आवळून दाबायच्या फळ्या, सोबत न्या आणि झाडाखालीच फांदी कागदात घाला. दुपारनंतर उशीर करू नका, संध्याकाळी पाने झाडावरच मिटायला लागतात.

पर्णिका गळण्याचे कारण असे की तोडलेली फांदी बराच वेळ जिवंत राहते आणि पाण्याचा ताण पडल्यासारखी पाने टाकते. उपाय म्हणजे फांदी चटकन मारणे. पाने असलेला भाग उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, कापडाने टिपा आणि लगेच दाबा. फुले बुडवू नका, त्यांचा रंग आणि आकार जातो. तरीही काही पर्णिका गळतीलच. त्या फेकू नका, कागदी पुडीत घालून त्याच शीटवर चिकटवा.

कागद फाटतो तो खालच्या बाजूच्या काट्यांमुळे. फांदी ज्या बाजूवर टेकणार आहे तिथले काटे बुडाशी थोडे ठेवून कात्रीने छाटा. किमान दोन पेरे मात्र पूर्ण अखंड ठेवा, नाहीतर ज्याच्यासाठी नमुना घेतला तेच नाहीसे होईल. फांदी जाड असेल तर मागच्या बाजूने उभी तासून अर्धी करा. वर-खाली स्पंजचा पातळ थर ठेवला की काट्यांमुळे उरलेल्या पोकळीतही पाने सपाट दाबली जातात. पहिले तीन दिवस रोज वर्तमानपत्र बदला, नंतर एक दिवसाआड. कोरड्या हवेत आठवडाभरात नमुना वाळतो, पावसाळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तिथे आळस केला की बुरशी ठरलेली. शीटचे माप साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटर.

जाड शेंगा दाबू नयेत. वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकाने ठेवा. कडधान्याला लागतो त्याच कुळातला भुंगा या शेंगांत जवळजवळ नेहमी असतो. पाकीट प्लॅस्टिकमध्ये बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले नाही तर महिन्याभरात भुकटी हाती येईल.

आता वर्णन. “काटे लांब, पाने बारीक, शेंगा चपट्या” हे वर्णन दहा जातींना लागू पडते, म्हणून ते वर्णनच नव्हे. प्रत्येक विशेषणाच्या जागी जागा, माप किंवा आकडा यायला हवा. हिवराच्या झाडाचे वर्णन साधारण असे उतरेल :

“मध्यम वृक्ष, उंची सुमारे ९ मी., छातीच्या उंचीला घेर ८४ सेंमी. माथा सपाट, पसरट. साल बुंध्याशी काळपट, खरबरीत. फांद्यांवर पिवळसर-पांढरी, गुळगुळीत. काटे उपपर्णांचे, पेरावर जोडीने, सरळ, ४ ते २२ मिमी., टोक तपकिरी. पिसांच्या जोड्या ७ ते ११ (१० पाने मोजली). पर्णिकांच्या जोड्या १४ ते २४. देठावर एक ग्रंथी, पहिल्या पिसांच्या जोडीखाली. फुलोरा फांदीच्या टोकाशी, फांद्याळ. गोंडे फिके पिवळे, ६ मिमी. शेंग दिसली नाही.”

हे आकडे नमुन्यादाखल आहेत, उतरवून घेऊ नका. शेवटचे वाक्य मात्र मुद्दाम पाहा. जे दिसले नाही ते “दिसले नाही” असेच लिहावे. पुस्तकातून शेंगेचे माप उचलून रकाना भरला की तपासणाऱ्याला तुमच्या बाकीच्या मापांवरही भरवसा ठेवता येत नाही.

घेर आपल्याकडे वनखात्याच्या पद्धतीने १.३७ मीटर उंचीवर मोजतात. उतारावर वरच्या बाजूला उभे राहून मोजावे. त्या उंचीखालीच खोडाला फाटे फुटले असतील तर प्रत्येक खोड वेगळे मोजा, बेरीज करू नका. उंचीसाठी यंत्र नसेल तर काठी पुरते. हात सरळ पुढे ताणून काठी उभी धरा. मुठीच्या वरचा भाग डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढाच ठेवा. मूठ बुंध्याच्या रेषेत आणि काठीचे टोक शेंड्याच्या रेषेत येईपर्यंत मागे सरका. सपाट जमिनीवर, तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची. पसरट माथ्याच्या हिवरात मात्र जवळची बाहेरची फांदी शेंड्यासारखी भासते आणि उंची जास्त येते. मधला शेंडा नक्की केल्यावरच मोजा.

ग्रंथी बहुतेक विद्यार्थी सोडून देतात. ती पानाच्या देठावर टाचणीच्या डोक्याएवढी किंवा लहान वाटी असते. दहापट भिंगातून तिची जागा आणि आकार लिहा. दोन जवळच्या जातींत कधी कधी तेवढाच फरक हाताला लागतो.

चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, जमिनीचा प्रकार आणि स्थानिक नाव जसे ऐकले तसे लिहा. सांगणाऱ्याने हिवराला “पांढरी बाभूळ” म्हटले असेल तर तेच लिहा, दुरुस्त करू नका. शंका राहिल्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रातल्या वनस्पतिसंग्रहाशी नमुना ताडून पाहता येतो. छायाचित्रावरून जात ठरवून मागायची असेल तर निदान पाच चित्रे हवीत : पूर्ण झाड, छातीच्या उंचीची साल, शेजारी मोजपट्टी धरून काढलेले एक पेर, कागदावर पसरलेले एक पूर्ण पान, आणि फूल किंवा शेंग. आमच्याकडे येणाऱ्या चित्रांत पहिले असते आणि बाकीची चार नसतात.

प्रश्न : चैत्र-वैशाखात माळावर पानच नसते. तेव्हा कसे ओळखावे? – एक गिर्यारोहक, सातारा

उत्तर : उन्हाळा उलट सोपा, कारण तेव्हा कोण हिरवे आहे हीच खूण होते. खैर साधारण फेब्रुवारीत पानगळ करतो आणि एप्रिलपर्यंत उघडाच असतो. पण त्याच्या उकललेल्या तपकिरी शेंगा फांद्यांवर खुळखुळत असतात आणि आकडे तर असतातच. बाभूळ पूर्ण निष्पर्ण होत नाही, शिवाय तिच्या माळेसारख्या शेंगा याच दिवसांत पिकतात. शमीला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी आणि फुले असतात, कोरड्या माळावर ते एकच ताजे हिरवे झाड असू शकते. हिंगणाची फांदीच हिरवी.

काटेच न सापडलेल्या जुन्या, उंच झाडाच्या बाबतीत खाली पाहा. गळलेल्या शेंगा, वाळके फुलोरे आणि बुंध्याजवळची रोपे. रोपांवर काटे पुरेपूर असतात. फक्त ती रोपे त्याच झाडाची आहेत, शेजारच्या नाहीत, एवढी खात्री करा.